भोंगाबाईंची अख्खी वाक्यं

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आमच्या इस्पितळातल्या संगणक विभागाच्या दारावर रंगवून घेणार होते. परवानगी मिळाली नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी खोली तळमजल्यावर आहे, धुलाईखात्याच्या भिंतीला लागून. दारावर 'ध्वनी कक्ष' अशी पाटी आहे, पण तिला सगळे आवाजखोली म्हणतात. घशाच्या आजारात ज्यांचं स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरतं, ती माणसं आधी माझ्याकडे येतात. मी त्यांचा आवाज साठवून ठेवते. पलीकडे कपडे धुण्याची यंत्रं दणादणा चालू असतात, त्यामुळे धुलाईवाले जेवायला उठले की आमचं काम सुरू होतं. माणूस माईकसमोर बसतो, एकेक वाक्य बोलतो, आणि प्रत्येक वाक्याची एक फाइल होते. शस्त्रक्रियेनंतर त्याला टॅब्लेट देतो. पडद्यावर बटणं असतात आणि प्रत्येक बटणावर एक वाक्य. बटण दाबलं की त्याच्याच आवाजात ते वाक्य ऐकू येतं.

ही व्यवस्था मी उभी केली आणि मुद्दाम साधी ठेवली. फाइलचं जे नाव, तेच बटणावरचं वाक्य. कोणी 'दार लावून घे' म्हणालं, की फाइलचं नाव 'दार लावून घे'. मधे आकडे नाहीत, तक्ते नाहीत. तक्ता आला की तो हरवतो, किंवा त्यातली एक ओळ खाली सरकते, आणि मग दार लावायला सांगणारा माणूस बायकोला म्हणतो, 'मला सोडून जाऊ नकोस'. हे एकदा दुसऱ्या एका इस्पितळात झाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. माझ्या खोलीत मी ते होऊ देणार नव्हते. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे.

भोंगाबाई माझ्याकडे आल्या त्या चालत नाही, चाल करून आल्या. जलतरण तलावावर पोहायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. रुंद खांदे, आखूड केस, आणि आवाज असा की तलावावर शिट्टी ठेवायची गरज पडली नव्हती. पोरांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. त्यांच्यामागून त्यांचे यजमान आले. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारे, बारीक अंगाचे, मुखदुर्बळ गृहस्थ. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि सगळा वेळ स्वतःचा चष्मा पुसत राहिले.

मी इस्पितळाचा छापील कागद बाईंच्या हातात दिला. 'मला पाणी हवे आहे.' 'मला वेदना होत आहेत.' 'कृपया परिचारिकेला बोलवा.'

बाईंनी तो वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"असं कोण बोलतं गं?"

"सगळे हेच बोलून जातात."

"मग सगळे एकसारखेच आजारी असतील. मी नाही." त्यांनी माईक स्वतःकडे ओढला. "पाणी हवं असलं तर मी म्हणते, 'पाणी आण'. आणि दुखलं तर कोणाला सांगत नाही. त्या वाक्याची मला गरज नाही."

मग त्या बोलत सुटल्या. 'मान पाण्यात घाल, पाणी चावत नाही.' 'पाय मार, झोपलास काय.' 'रडायचं असेल तर पोहता पोहता रड.' 'घाबरू नकोस, मी काठावरच उभी आहे.' मध्येच एकेका शब्दाचेही हुकूम होते: थांब, ऊठ, चल, शाब्बास. पलीकडचा एक धुलाईवाला अर्ध्या जेवणातून उठून दार ढकलून बघून गेला. त्याला वाटलं, आत भांडण चाललंय.

घरची वाक्यं बोलायची वेळ आली तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना बाहेर काढलं. "बटण कुठलं दाबायचं ते दाखव आणि जा. नावंही माझी मीच लिहीन. नवराबायकोचं बोलणं आहे, तुला काय करायचंय?" आम्ही बाहेर बाकावर बसलो. यजमान बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "रागावतेय वाटतं आत." आणि एवढं बोलल्याचाच त्यांना संकोच वाटला.

निघताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला जड हात होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय, मानेला भोक राहणार. श्वास तिथूनच. म्हणजे पाण्यात उतरणं संपलं, एक थेंब आत गेला तरी जिवावर बेतेल. ठीक आहे. पण काठावर उभी राहायला कोणी अडवलं नाही. काठावरून शिकवायला पाय लागतात आणि तोंड लागतं. पाय माझे आहेत. तोंड तुझ्या ताब्यात देऊन चाललेय. सांभाळ."

मी म्हटलं, "डोळ्यांत तेल घालून सांभाळते." हे वाक्य मी फार सहज बोलले, कारण माझ्या यंत्रावर माझा विश्वास होता. दुसऱ्याच्या यंत्रावर नसायला हवा होता.

दुसरं यंत्र म्हणजे इस्पितळाचा सर्व्हर. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही टापटीप म्हणतो. त्यांच्या टेबलावर पेनं एका रेषेत असतात. वायरी वेणी घालून बांधलेल्या असतात. माणूस वाईट नाही, हुशार आहे, पण पडद्यावर लाल अक्षरात एखादी चूक उमटली की त्यांच्या कपाळावर आठी पडते. बाई शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या त्याच आठवड्यात जुना सर्व्हर काढून नवा आणायचं ठरलं. सगळ्या फाइली इकडून तिकडे न्यायच्या होत्या. त्यासाठी टापटीपांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे यंत्राने एकामागून एक पाळायच्या हुकमांच्या चार ओळी. ती चालली. अहवाल आला, 'सर्व फाइली हलवल्या.' सोबत सगळ्या विभागांना एक परिपत्रकही आलं: यापुढे फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नये. मी ते वाचलं आणि मुकाट्याने फळ्यावर टाचलं. वाक्यात जागा सोडू नये, असं मला सांगणारा अजून जन्माला यायचाय.

बाई बऱ्या होऊन आल्या. गळ्याला पांढरा रुमाल, हातात पाटी आणि खडू. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. यजमान एक पाऊल मागे होते. मी नवा टॅब्लेट काढला, सर्व्हरला जोडला आणि मोठ्या तोऱ्यात बाईंच्या हातात दिला.

पडद्यावर मोजकीच बटणं होती. थांब. ऊठ. चल. नाही. शाब्बास. मूर्ख.

बाईंनी पडदा वर सरकवला. खाली काहीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एक बटण दाबलं.

"मूर्ख," त्यांचाच तो ठणठणीत आवाज खोलीभर झाला.

कोणाला, हे विचारायची मला गरज वाटली नाही. मी टॅब्लेट काढून घेतला, पुन्हा जोडला, पुन्हा तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या घशातून ती वाक्यं आली, तो घसाच आता नव्हता. "जरा बसा" म्हणून मी सर्व्हरवर त्यांच्या फाइली शोधायला बसले. एकेका शब्दाची नावं तेवढी आली होती. दोन किंवा जास्त शब्दांचं एकही नाव पोहोचलं नव्हतं.

मी टापटीपांची स्क्रिप्ट उघडली आणि पाहिल्या पाहिल्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी यंत्राला सांगितलं होतं: तिथे जेवढी नावं आहेत तेवढी वाच, आणि एकेक नाव घेऊन त्याची नक्कल नव्या जागी ने. पण नावाभोवती अवतरणचिन्हं घातली नव्हती. अवतरणचिन्हं नसली की यंत्राला मोकळी जागा दिसते, आणि त्याला वाटतं, एक नाव संपलं, दुसरं सुरू झालं. 'पाय मार झोपलास काय' या एका फाइलऐवजी ते आधी 'पाय' नावाची फाइल शोधायला गेलं, मग 'मार' नावाची, मग 'झोपलास' नावाची. एकही सापडली नाही. दर वेळी त्याने इमानदारीत लाल अक्षरात ओरडून सांगितलं असणार की बाबा, अशी फाइल नाही. पण टापटीपांना लाल अक्षरं बघवत नाहीत, म्हणून त्यांनी चुकांचे निरोप थेट कचऱ्यात जातील अशी सोय करून ठेवली होती. आणि नक्कल होवो न होवो, प्रत्येक फेरीला पडद्यावर छापायचं: 'झालं'.

त्यातही गंमत बघा. 'जरा थांब' या नावाचे दोन तुकडे झाले, 'जरा' आणि 'थांब'. 'जरा' मिळाली नाही, पण 'थांब' नावाची फाइल खरोखरच होती, ती पुन्हा एकदा नेली. 'अरे आता थांब' म्हटलं, पुन्हा 'थांब' नेली. बाई पोरांना सारख्या थांबवत असत, त्यामुळे ती एकच 'थांब' बिचारी हेलपाटे घालत राहिली. तुकडे जास्त, म्हणून 'झालं'ही जास्त. मुळात होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त फाइली हलवल्याचा अहवाल गेला, आणि हे नवल कोणाला वाटलं नाही. वरून टापटीपांचं कौतुक झालं.

बाईंना मी हे खडूने पाटीवर काढून दाखवलं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'जुनं यंत्र कुठे आहे?'

त्यासाठी आम्ही तिघं वर टापटीपांकडे गेलो. मी आत शिरताच बोलायला लागले. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. टापटीपांनी ऐकून घेतलं, पेन उचललं, परत रेषेत ठेवलं.

"जुनं यंत्र खाली आहे. पण आज दुपारी ते पुसून भंगारात द्यायचंय. गाडी यायची वेळ झालीच आहे."

"गाडी परत पाठवा."

"तो अधिकार अधीक्षकांचा. आणि एक सांगू? नावांत जागा सोडली नसतीत तर हे झालंच नसतं. परिपत्रक काढलंय मी."

"चोर सोडून संन्याशाला फाशी! माणूस अख्खं वाक्य बोलला, हा त्याचा गुन्हा, आणि तुम्ही दोन चिन्हं घालायला विसरलात, त्याचं काही नाही?"

टापटीपांचे कान लाल झाले. पण ते अडून बसले, आणि आमची वरात अधीक्षकांच्या खोलीत गेली.

अधीक्षक गोड बोलणारे आहेत. गोड बोलणाऱ्यांशी भांडताना मला जास्त दम लागतो. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, सगळं ऐकलं, मान हलवली आणि मध्यम मार्ग काढला. फाइली जुन्या यंत्रातून आणायच्या, पण नव्या यंत्रावर नियमाप्रमाणेच. प्रत्येक फाइलला आकडा द्यायचा. कुठल्या आकड्याला कुठलं वाक्य, याचा वेगळा तक्ता बाईंना छापून द्यायचा.

बाई उभ्याच होत्या. त्यांनी टॅब्लेटवर बोट ठेवलं.

"नाही."

अधीक्षक दचकले. एवढ्या खणखणीत आवाजात त्यांच्या खोलीत कोणी बोलत नसे.

"बाई, तुमच्याच सोयीचं..."

"नाही."

"थोडी सवय झाली की आकडे पाठ..."

"थांब."

आणि ते खरंच थांबले. त्यात त्यांचा दोष नाही, त्या आवाजापुढे मोठमोठे पोहणारे मधल्या मधे थांबले होते. बाईंचं बोट पुढच्या बटणाकडे सरकलं, तेव्हा यजमान हळूच खोकले. 'मूर्ख' थोडक्यात टळलं. त्याऐवजी बाईंनी पाटी घेतली आणि खडू मोडेल इतक्या जोराने लिहिलं:

'पोर बुडत असताना मी तक्ता बघू?'

अधीक्षकांनी वाचलं. टापटीपांनीही वाचलं, आणि नजर खाली घातली. पण अधीक्षकांच्या तोंडून एकदा नियम बाहेर पडला होता, आणि तो परत गिळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हे बघा, नाव बदलायला रुग्णाची संमती लागते. संमती नसेल तर नव्या यंत्रावर फाइली घेता येणार नाहीत. आणि जुनं यंत्र तर मी ठेवू शकत नाही. तसे तुमचे काही शब्द आहेतच की. थांब, चल, ऊठ... कामापुरतं भागतंय."

कामापुरतं! मी तोंड उघडणार एवढ्यात बाईंनी हात आडवा केला. पाटी पुसली, मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि अधीक्षकांच्या टेबलावर त्यांच्या कागदांवर उभी ठेवली.

'एकेका शब्दात कुत्र्याशी बोलतात.'

आणि त्या खोलीबाहेर पडल्या. पाटी तिथेच राहिली. मी मागोमाग धावले. जिन्यात मी त्यांना गाठलं, तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच विचारलं: कुठे?

"खाली," मी म्हटलं. "चला."

जुनं यंत्र भांडारखोलीत दाराशी ठेवलं होतं, कमरेएवढं लोखंडी कपाट, बाजूला जुना पडदा आणि कळफलक. हातगाडी घेऊन दोघे हमाल आलेच होते. पुसायचं काम टापटीप येऊन करणार, मग उचलायचं, असं त्यांना सांगितलेलं होतं. बाई सरळ गेल्या आणि कपाटापुढे पाय रोवून उभ्या राहिल्या. तलावाच्या काठावर त्या अशाच उभ्या राहत असणार. हमाल पुढे झाला.

"थांब," टॅब्लेट म्हणाला.

"अहो बाई, आम्हाला वरून..."

"थांब."

हमालाने सोबत्याकडे पाहिलं. सोबत्याने हातगाडी टेकवली आणि तिच्यावर बसून घेतलं. "आपलं काय जातंय," तो म्हणाला. "बाई म्हणतायत तर थांबू."

मी यंत्र चालू केलं. ते घरघरायला लागलं, आणि पडद्यावर बाईंचं दालन उघडलं. सगळं होतं. अख्खीच्या अख्खी वाक्यं, रांगेने. मला तिथेच रडू आलं, आणि त्याचा रागही आला, कारण मला लिहायचं होतं. नाक पुसून मी लिहायला घेतलं. आत जेवढं आहे तेवढं एकेक घे. नाव जसं आहे तसं, जागांसकट, अवतरणांत धर. नव्या यंत्रावर ने. शेवटच्या ओळीशी आले, तोच मागे दरवाजा वाजला.

टापटीप आले होते. एकटेच.

"हे नियमाविरुद्ध आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मला तक्रार करावी लागेल."

"खुशाल करा. तक्रारीच्या फाइलचं नाव मात्र जागा सोडून लिहा, म्हणजे वाचता येईल."

ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता वायर ओढतात. बाईंनाही तेच वाटलं असावं, त्या एक पाऊल पुढे आल्या. मी चिडून शेवटची कळ दाबायला बोट उचललं.

"एक मिनिट," टापटीप म्हणाले. आवाज वेगळा होता. "दुसऱ्या ठिकाणी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"अवतरण. तुम्ही फाइलच्या नावाला घातलंत. पण जिथे न्यायचंय, त्या तुम्ही आत्ता केलेल्या नव्या दालनाच्या नावातही मोकळी जागा आहे. 'तलावावरच्या बाई'. त्याला नाही घातलंत. एकही फाइल जाणार नाही."

मी पाहिलं. खरंच राहिलं होतं. ज्या चुकीसाठी मी सकाळपासून त्यांचा उद्धार करत होते, तीच मी रागाच्या भरात करून बसले होते. त्यांनी वाकून, अगदी हळुवार हाताने, दोन्ही बाजूंना एकेक चिन्ह घातलं. मग जरा घुटमळले.

"आणि हे 'झालं' छापताय ना. ते असंच छापू नका. आधी नक्कल खरंच गेली का ते विचारा, गेली तरच छापा." त्यांनी ते स्वतःच लिहिलं. "आणि लाल अक्षरं येऊ द्या. मी बघतो."

मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. बाईंनी क्षणभर त्यांना तोललं, आणि बटण दाबलं.

"चल."

टापटीपांनी कळ दाबली. पडद्यावर ओळी वर चढायला लागल्या. 'मान पाण्यात घाल पाणी चावत नाही' झालं. 'रडायचं असेल तर पोहता पोहता रड' झालं. 'घाबरू नकोस मी काठावरच उभी आहे' झालं. हमाल हातगाडीवरून उठून वाचायला आले. एक जण मोठ्याने वाचत होता आणि दुसरा हसत होता. मग घरची वाक्यं सुरू झाली, तशी मी पडद्याकडे पाठ फिरवली. ते वाचायचा मला हक्क नव्हता. हमालांनाही वळायला लावलं. एकटे टापटीप तेवढे लाल अक्षरांवर नजर ठेवून पडद्याकडे तोंड करून बसले होते. लाल अक्षरात एकही ओळ आली नाही, असं त्यांनी शेवटी सांगितलं.

तेवढ्यात अधीक्षक आले. हातात बाईंची पाटी होती, त्यांनी ती परत आणली होती की पुरावा म्हणून आणली होती कोण जाणे.

"हे कोणाच्या परवानगीने चाललंय?"

"माझ्या," मी म्हटलं.

"आणि माझ्या," टापटीप म्हणाले. ते उभे राहिले. कान पुन्हा लाल झाले होते. "साहेब, नावांमध्ये दोष नव्हता. माझ्या लिहिण्यात होता. परिपत्रक मी मागे घेतो. अहवालही चुकीचा गेलाय, तो बदलून देतो."

"ते तुम्ही ठरवणार का?"

"मीच काढलं होतं ना ते? मग मीच मागे घेतो."

या माणसाला मी सकाळी काय काय बोलले होते! अधीक्षकांनी घसा साफ केला. शिस्त, सर्वांना समान नियम, अपवाद एकदा केला की, असं त्यांचं सुरू झालं. चांगलं बोलतात ते, लांबही बोलतात. मी उत्तर द्यायला बाह्या सरसावल्या. पण बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

टॅब्लेटवर त्यांची वाक्यं उतरली होती. त्या बोटाने पडदा वर सरकवत होत्या, सावकाश, काहीतरी शोधत. यजमानही मागोमाग खाली आले होते आणि दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. शस्त्रक्रियेपासून त्या घरात कोणी फारसं बोललंच नसणार, एकाला आवाज नाही आणि दुसऱ्याला सवय नाही. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बटण दाबलं.

"अहो, मी काय भिंतीशी बोलतेय?"

तो राग बनावट नव्हता. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला, घरचा राग होता. सगळ्या खोलीत तो घुमला. अधीक्षकांना वाटलं आपल्यालाच म्हणाल्या, आणि ते गप्प झाले. यजमानांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

बाईंनी पुन्हा दाबलं.

"अहो, मी काय भिंतीशी बोलतेय?"

"नाही गं," ते म्हणाले. आवाज फुटत नव्हता, तरी त्यांनी तो काढला, चारचौघांत, आम्हा सगळ्यांसमोर. "ऐकतोय मी. बोल तू. सगळं बोल."